घरगाडीचं दार उजवीकडे

केळवे
११ ऑगस्ट १९८६

श्री. कृष्णकांतभावजींस,
सप्रेम नमस्कार.

तुमचं पोस्टकार्ड पोचलं. माणसाने पोस्टकार्डावर 'मी बरा आहे, तुम्ही बऱ्या असाल' एवढंच लिहावं आणि उरलेलं कार्ड कोरं पाठवावं, ही काटकसर नव्हे, हा उद्धटपणा आहे. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये असं पत्र लिहिणाऱ्या मुलीला मदरने परत बसवून लिहायला लावलं असतं.

मी शाळेतून निवृत्त झाले त्याला दोन वर्षं झाली. तेव्हापासून तुम्हाला घरी बोलावते आहे. घरी म्हणजे केळव्याला, तुम्ही जिथे जन्मलात तिथे. दर वेळी तुमचं उत्तर एकच: गुडघा कुरकुरतो, रेल्वेत बसवत नाही, एस.टी.त तर नाहीच. म्हणून तुमची ही सबबच संपवायची असं मी ठरवलं आहे.

वाडीत फणसाखाली तुमच्या बंधूंची घरगाडी उभी आहे. आठवत असेलच. बोईसरच्या एका कारखान्यात मशिनं बसवायला आलेला जर्मन इंजिनिअर परत जाताना ती ह्यांच्या गळ्यात घालून गेला. आत पलंग, शेगडी, पाण्याची टाकी, खिडक्यांना पडदे. हे गेल्यापासून तिच्यात कोंबड्या राहतात. परवा सरावलीचा दादू मिस्त्री येऊन बघून गेला. खाली आडवा होऊन म्हणाला, "बाई, इंजिन मेला. पन अंग चांगला हाय. खाऱ्या वाऱ्यात येवरी वर्सा टिकली, मंजे करनाऱ्यान मन लावून केलेली हाय."

मेलेलं इंजिन काढून कुर्ल्याच्या भंगार बाजारातून त्याच जातीचं, पण थोरलं इंजिन आणायचं, असं त्याचं मत आहे. जुनं तसंही घाटात रडत होतं. तुम्ही जन्म इंजिनांच्या कारखान्यात काढलात, तेव्हा सल्ला द्या. गाडी झाली की मी स्वतः पुण्याला येईन, तुम्हाला पलंगावर आडवं करीन आणि घरी आणीन. बसायचा प्रश्नच नाही. तुमच्या वाट्याच्या खोलीत सध्या मी सुपाऱ्या वाळत घालते, पण त्या उचलता येतात.

लोक काय म्हणतील ते लिहू नका. या वयात लोकांना माझ्याबद्दल काही बोलावंसं वाटलं तर मी त्यांची आभारी राहीन. इथे मला भांडायला कोणी नाही. जमुना वाडीत कामाला येते, ती माझ्या प्रत्येक वाक्याला 'व्हय बाई' म्हणते. संध्याकाळी ती गेली की 'व्हय' म्हणणारंही कोणी उरत नाही.

तुमची वहिनी,
दमयंती

*

पुणे
२० ऑगस्ट १९८६

ती. दमयंतीवहिनींस,
कृष्णकांतचा सा. न. वि. वि.

तुमचा राग पोचला. त्याच्याबरोबर पत्रही होतं.

थोरलं इंजिन बसेल. मात्र ते मागच्या बाजूला आणि हवेवर थंड होणारं असल्याने त्याच्या भोवतीचे पत्रे शाबूत पाहिजेत. मिस्त्री लोक ते बिनकामाचे समजून फेकतात, मग इंजिन जळतं. क्लचप्लेटही थोरलीच लागेल. जुनी नव्या इंजिनाचा जोर सोसणार नाही.

ती गाडी मला चांगली आठवते. तिकडे रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवतात, म्हणून आत शिरायचं दार उजवीकडे ठेवलेलं. आपल्याकडे ते भर रस्त्यात उघडतं. दादाला मी तेव्हाच म्हटलं होतं की ही गाडी माणसाला ट्रकखाली उतरवते. तो म्हणाला, वाळूवर कुठे ट्रक असतात.

माझं ठीक आहे. काठी घेऊन रोज संध्याकाळी पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जाऊन येतो. घरमालकीण आनंदीबाई डबा देतात. तुम्ही गाडीची घाई करू नका. घाईत केलेलं काम दोनदा करावं लागतं.

कृष्णकांत

*

केळवे
१६ सप्टेंबर १९८६

श्री. कृष्णकांतभावजींस,
स. न.

इंजिन आलं. टेम्पोत गोणपाटावर निजून आलं, एखाद्या आजारी जावयासारखं. गाडी आम्ही दोरखंड लावून सरावलीला दादूच्या गॅरेजात नेली. कोंबड्या अजून फणसाखाली रोज तिच्या जागेवर जाऊन उभ्या राहतात.

मी एक दिवसाआड एस.टी.ने सरावलीला जाते. वारा कारखान्यांकडून आला की डोळे चुरचुरतात, आणि दादू म्हणतो, "आज काय नाय, आज बरा हाय." आजूबाजूच्या खोल्यांतले कामगार पाळी सुटली की गाडी बघायला जमतात. एकाने विचारलं, "माताजी, यह बस है कि मकान?" मी म्हटलं, "दोन्ही. तुम्हारे पास इसमें से क्या है?" तो हसला आणि म्हणाला, "अभी तो दोनों नहीं." मग मला माझ्या जिभेची लाज वाटली आणि मी त्याला सगळी गाडी आतून दाखवली. पलंगावर हात दाबून बघत तो म्हणाला की त्याची आई गावी एकटी आहे.

तुमचे पत्रे जागेवर आहेत. क्लचप्लेट थोरली बसवली. काल इंजिन सुरू झालं. दादू म्हणाला, "आयका." मी ऐकलं. बाकी गाड्या खोकतात, ही शिवणयंत्रासारखी चालते. हे असते तर त्यांनी लगेच टोपी चढवून मला शेजारी बसवलं असतं.

दसऱ्याला निघते. सामान बांधून ठेवा. पुस्तकं आणायची असतील तर आणा, पण तुमची ती इंजिनांची तेलकट मासिकं नकोत.

दमयंती

*

पुणे
२४ सप्टेंबर १९८६

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

दसऱ्याला निघू नका.

थोरल्या इंजिनाला जुनं गिअरचं प्रमाण चालणार नाही. इंजिन ओरडत राहील आणि गाडी तेवढी पळणार नाही. गिअरबॉक्स उघडून आतली दातेरी चाकांची जोडी, क्राऊन व्हील आणि पिनियन, बदलून घ्या. तीही जोडी कुर्ल्यालाच मिळेल. काम वेळखाऊ आहे, पण एकदा उघडलंच की बेअरिंगंही बघून घ्या. तेलाची सीलंही. घाई नको.

इकडे नवीन काही नाही. आनंदीबाईंच्या नातीने रेडिओ घेतला आहे. भिंतीपलीकडून ऐकू येतो, म्हणून मी माझा लावत नाही.

तुमची पत्रं मी दोनदा वाचतो. एकदा गाडीसाठी.

कृष्णकांत

*

केळवे
३० ऑक्टोबर १९८६

श्री. कृष्णकांतभावजींस,

नमस्कार वगैरे नाही. तुमच्या गिअरबॉक्सने माझी शोभा झाली आहे.

दादूने तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळं उघडलं, जोडी बदलली, बंद केलं. पण मधेच भातकापणी आली. दादूचं शेत वर विक्रमगडकडे आहे, पावसाच्या पाण्यावरचं. कापणी आली की तो गॅरेजला कुलूप लावून जातो. मग कोणाची गाडी असो, कलेक्टरची असली तरी. त्याने शेवटचे नट आवळले तेव्हा त्याची बायको पिशवी घेऊन दारात उभी होती.

मी स्टिअरिंगवर बसले. सगळी सरावली बघायला. पहिला गिअर टाकला, क्लच सोडला आणि गाडी मागे गेली. थेट पानवाल्याच्या बाकड्यावर. माणसं उठली होती, बाकडं उठू शकलं नाही. दुसरा टाकला, तरी मागेच, पण जरा जोरात. दादू डोक्याला हात लावून म्हणाला, "बाई, रिवस टाका." रिव्हर्स टाकला, तर गाडी पुढे. चार गिअर मागे आणि एक पुढे, असा प्रकार मी जन्मात पाहिला नाही. माणसांत पाहिला आहे.

"कापनी झाल्याव बगू," दादू म्हणाला आणि एस.टी. पकडून गेला. तिथे गाडी उघड्यावर टाकून येणं मला मान्य नव्हतं. मी रिव्हर्समध्ये टाकून ती पुढे चालवत केळव्याला आणली. पालघरच्या चढावर एक बैलगाडी मला ओलांडून गेली आणि तिच्यातल्या बाईने मागे वळून हात केला.

आता गाडी घरी आहे आणि दादू शेतावर. नुसतं बघत बसणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून रोज ओहोटीला किनाऱ्यावर नेते आणि मागे चालवते. ह्यांनी मला गाडी याच वाळूवर शिकवली, पण मागे घ्यायला कधी शिकवली नाही. म्हणायचे, मी आहे ना. आता मी मान वळवून सुरूच्या झाडांमधून, दोन होड्यांच्या मधून, कुठूनही मागे नेते. जमुना वाळूत उभी राहते. "बाई, पुरं जायाचा सोरून पाठी काय जातात?" म्हणते. दोन महिन्यांत तिने 'व्हय' सोडून काढलेला हा पहिला शब्द.

दिवाळी अशी जाणार. खुलासा पाठवा.

दमयंती

*

पुणे
८ नोव्हेंबर १९८६

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी इतका हसलो की आनंदीबाई दारात येऊन बघून गेल्या. त्यांना वाटलं, माझं काही बिघडलं.

मिस्त्रीचा दोष मोठा नाही. त्या गिअरबॉक्समध्ये क्राऊन व्हील पिनियनच्या दोन्ही बाजूंना बसू शकतं. एका बाजूला बसवलं की गाडी पुढे, दुसऱ्या बाजूला बसवलं की सगळंच उलटं. बायको पिशवी घेऊन उभी असताना कोणाच्याही हातून होईल. पुन्हा उघडून बाजू बदलली की झालं.

मात्र यंदा पुण्याला येण्याचा बेत रहित करा असं सुचवतो. हिवाळ्यात घाटात धुकं असतं. नव्या बॉक्सला काही महिने जवळच्या जवळ चालवलेलं बरं. शिवाय पुढचे ब्रेकही बघायला हवेत, ते मी मागे लिहायचं विसरलो. फेब्रुवारी, मार्चमध्ये पाहू. तोवर काय काय करून घ्यायचं ते मी सवडीने लिहीत जाईन.

दिवाळीला इकडे शांत होतं. तुम्ही पाठवलेलं उटणं मिळालं.

कृष्णकांत

*

केळवे
२६ नोव्हेंबर १९८६

श्री. कृष्णकांतभावजींस,
स. न.

दादू कापणी करून आला, येताना नवे तांदूळ घेऊन आला, आणि क्राऊन व्हील जिथे असायला हवं तिथे गेलं. गाडी आता चार गिअर पुढे जाते. पहिल्यांदा पुढे गेली तेव्हा मला सवयीने मागेच बघत बसायला झालं.

त्याला मी तुमचं ब्रेकचं प्रकरण वाचून दाखवलं. त्याने ब्रेक बघितले, हात पुसले आणि म्हणाला, "ब्रेकाला काय नाय. आन खरा सांगू का बाई, त्या गिअरबॉक्सालाबी काय नवता. साहेबानी लिवला म्हनून उघारला."

मी हे रागावून लिहीत नाही, आणि त्यावरून काय ते समजा. तुम्ही आधी क्लच काढलात, मग गिअरबॉक्स, मग धुकं, आता ब्रेक. पुढे टायर निघतील. मी जन्मभर वर्गातल्या मुलांच्या सबबी ऐकल्या आहेत. गृहपाठ न केलेला मुलगा असाच एकेक कारण पुरवून वापरतो. तुम्हाला यायचं नसेल तर तसं एका ओळीत लिहा. पोस्टकार्ड चालेल.

नाही लिहिलंत तर सहा डिसेंबरला शनिवारी दुपारी तुमच्या दारात असेन.

दमयंती

*

केळवे
११ डिसेंबर १९८६

श्री. कृष्णकांत यांस,

तुमच्याकडून नकाराचं पत्र आलं नाही, म्हणून मी आले. खोपोलीला मुक्काम केला. घाटात धुकं नव्हतं.

गाडी गल्लीच्या तोंडाशी ठेवून चालत आत आले. आनंदीबाई ओट्यावर होत्या. म्हणाल्या, भावजी साताऱ्याला गेले, कधी येतील सांगून गेले नाहीत. सांगताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. मी तुमच्या दाराशी थोडा वेळ उभी राहिले. वाडीतली केळी वाळवून केलेल्या सुकेळ्यांचा डबा तिथे ठेवला आहे, तुम्हाला लहानपणी आवडायची म्हणून. मग गाडीत जाऊन बसले. संध्याकाळी निघाले.

येताना पलंगावरची चादर घडी मोडल्याशिवाय परत आली.

यापुढे गाडीविषयी सल्ला नको.

दमयंती वर्तक

*

पुणे
१९ डिसेंबर १९८६

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

मी साताऱ्याला गेलो नव्हतो. मी दाराच्या आत होतो.

दोन वर्षांपूर्वी न्हाणीघरात पडलो. खुब्याचं हाड जुळलं नाही. काठी आहे, ती कोपऱ्यात उभी असते. पर्वतीच्या पायथ्याशी मी गेलेलो नाही, गल्लीच्या तोंडाशीही नाही. मी उभा राहत नाही, वहिनी. माझीही एक गाडी आहे, फळी आणि तिच्याखाली चार बेअरिंगं. जमिनीवर हात टेकून ती ढकलतो. तिला गिअरबॉक्स नाही, म्हणून तो उलटाही बसत नाही.

जमिनीलगत असल्यामुळे मला दाराखालच्या फटीतून तुमच्या चपला दिसल्या. डावीचा अंगठा दोऱ्याने शिवलेला आहे. तुम्ही बराच वेळ उभ्या होतात. मी श्वास धरून बसलो होतो. तुम्ही गेलात, आणि संध्याकाळी रस्त्यावरून तिचा आवाज आला. खरंच शिवणयंत्रासारखा आहे.

गिअरबॉक्स उघडायची गरज नव्हती. गाडी झाली असती तर तुम्ही आल्या असतात, आणि गाडी होत राहिली असती तर पत्रं येत राहिली असती. एवढाच हिशेब होता.

घरी यावंसं वाटत नाही असं नाही. तुम्ही सुपाऱ्यांविषयी लिहिलंत त्या दिवशी मला त्यांचा वास आला. पण तुम्ही आमची गल्ली पाहिलीत. आत शिरलं की डाव्या हाताचं शेवटचं दार माझं. दोन्ही बाजूंच्या ओट्यांवर माणसं बसलेली असतात. एकदा कोळशाचा टेम्पो शिरला होता, त्याला वळता येईना, तर पोरांनी ढकलत बाहेर काढला. या टोकापासून तुमच्या गाडीपर्यंत मला चार माणसांनी उचलून न्यावं लागेल. तसं माणसाला या गल्लीतून एकदाच नेतात. जिवंतपणी मला ते नको.

आनंदीबाईंवर रागावू नका. मीच त्यांना खोटं बोलायला लावलं. सुकेळी संपली.

कृष्णकांत

*

केळवे
२७ डिसेंबर १९८६

श्री. कृष्णकांतभावजींस,
सप्रेम नमस्कार.

गावाला गेलेल्या माणसाच्या दाराला बाहेरून कुलूप असतं. तुमच्या दाराला नव्हतं. हे मी तेव्हाच पाहिलं होतं. मला वाटलं, तुम्हाला मी नको आहे. म्हणून मागच्या पत्रात आडनाव घालून सही केली. ते पत्र चुलीत घाला.

तुमच्या पडण्याबद्दल मी इथे काही लिहीत नाही. दोन वर्षं तुम्ही मला पर्वतीच्या पायथ्याला फिरवलंत, त्याबद्दल समोरासमोर बोलायचं आहे आणि ते लांबलचक होईल.

आता गल्लीविषयी. घरगाडीचं दार उजवीकडे आहे, तुम्हीच लिहिलं होतंत. तुमचं दार शिरताना डाव्या हाताला आहे. म्हणजे गाडी तोंडाने आत आणली तर तिचं दार समोरच्या भिंतीकडे येईल आणि तुमच्या काही उपयोगाचं नाही. पाठीने आणली तर ते तुमच्या उंबऱ्याशी येईल. गल्लीच्या तोंडापासून शेवटच्या दारापर्यंत अरुंद जागेतून, मान वळवून, सरळ मागे आणावी लागेल. दादूला असा माणूस माहीत नाही. मला माहीत आहे. सगळी भातकापणी मी केळव्याच्या वाळूवर दुसरं काही केलेलं नाही. कालही दोन होड्यांच्या मधून नेऊन बघितली, दोन्ही बाजूंना वीतभर जागा ठेवून. होड्यांचे मालक उभे राहून बघत होते.

दादूने सागाची एक फळी रंधून दिली आहे. ती उंबऱ्यावरून गाडीच्या पायरीवर टाकायची. तुमची बेअरिंगं तिच्यावरून चालतील, हातांनी ढकलत या, मी तुम्हाला बोटही लावणार नाही. गाडी दाराला खेटून असेल, म्हणजे ओट्यांवरच्या माणसांना तिचा पत्रा दिसेल आणि दुसरं काही नाही. खिडक्यांचे पडदे मी धुतले आहेत. निघताना तोंड रस्त्याकडेच असेल, त्यामुळे कोणी ढकलायलाही नको.

तुमच्या खोलीतल्या सुपाऱ्या उचलल्या. उंबराही दादूकडून कापून काढला. जमुना दारात उभी राहून म्हणाली, "बाई, उंबरा तोरीत नाय कदी." मी तिला तुमच्या फळीचं सांगितलं. दुपारी बघितलं, तर उंबरा काढलेल्या जागी ती शेणाने सारवत होती, बेअरिंगं अडू नयेत म्हणून खड्डा बुजवून, हाताने पुन्हा पुन्हा सपाट करून.

चार जानेवारीला रविवार आहे. सकाळी येईन. गल्लीत गाडी पाठीने शिरताना हॉर्न देईन. तेवढ्यात आतली कडी काढून ठेवा.

तुमची वहिनी,
दमयंती